आडव्या उजेडातलं घड्याळ

कडुलिंबाचा मोहोर गळून अंगणभर पसरायला लागला, की माझ्या स्टुडिओतला फोन शांत बसत नाही. जळगावच्या उन्हात दुपारी कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत आमच्याकडची माणसं जरीचे कपडे घालून, डोक्याला फेटे बांधून लग्नं लावतात. "ताई, अमुक तारीख मोकळी आहे का?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्नही आता ठरून गेला आहे. "नवरदेवाच्या घड्याळाचा क्लोजअप काढाल ना? चांगलं लायटिंग लावून?" मी बरं म्हणते, कारण पोट आहे. पण फोन ठेवल्यावर तळपायाची आग मस्तकात जाते. ती का जाते, हे एकदा लिहून टाकायचं ठरवलं आहे, म्हणजे निदान वर्षभर तरी डोकं शांत राहील.

घड्याळांचा मला राग नाही, उलट वेड आहे. लग्नाचे फोटो मी पोटासाठी काढते, पण जीव रमतो तो लहान वस्तूंत. सराफ बाजारातल्या नथी, मंगळसूत्राच्या वाट्या, आणि सगळ्यांत जास्त मनगटी घड्याळं. जळगावातल्या एका दुकानाच्या जाहिरातींसाठी मी कित्येक वर्षं घड्याळांचे फोटो काढते आहे. घड्याळाइतकं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं नाही. त्याच्या काचेत सगळं उमटतं. खिडकी, ट्यूबलाइट, फोटो काढणारीचं नाक. म्हणून मी काळा कुडता घालते आणि मधे भोक पाडलेला काळा पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे लावते. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, कूलर बंद. घाम काचेवर पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधलेला. माझा हा अवतार बघून दुकानाचे मालक एकदा म्हणाले होते, "ताई, फोटो काढताय की भूत उतरवताय?"

पण उजेड जमला की सगळे कष्ट फिटतात. घड्याळाला दोन तऱ्हांनी उजेड देता येतो. एक समोरचा, मऊ. दिव्यापुढे पांढऱ्या धोतराचा, शंभरदा धुतलेला तुकडा ताणून बांधायचा, की तबकडी दुधासारखी उजळते. त्यात ओरखडे बुजतात, सगळं गुळगुळीत दिसतं. दुसरा आडवा, बाजूने येणारा. खिडकीतून संध्याकाळचं ऊन जमिनीला घासून येतं ना, तसा. घड्याळाचा काटा तबकडीपासून केसभर वर असतो. आडवा उजेड पडला की त्या काट्याची बारीक, धारदार सावली खाली तबकडीवर उमटते. भिंगातून ती सावली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी श्वास धरून बसले होते. काटा पुढे सरकतो आणि सावली त्याच्या मागोमाग जाते. तेवढं बघण्यासाठी मी त्या भट्टीत बसायला तयार असते.

दुकानवाल्यांचा एक हट्ट मात्र मला आजवर पटलेला नाही. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवा, म्हणतात. तसे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं आणि खपतं. जाहिरातीतली जगभरची घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांनी हसत असतात. खऱ्या घड्याळात त्याच वेळी कुणाचं काय चाललेलं असतं, ते कोण विचारतो?

आणि आता हे घड्याळाचं खूळ लग्नात शिरलं आहे. आधी अल्बमच्या पहिल्या पानावर गणपती असायचा, मग नवरा-नवरी. हल्ली पहिल्या पानावर नवरदेवाचं घड्याळ, दुसऱ्या पानावर त्याची मोजडी, तिसऱ्यावर अत्तराची बाटली. या तीन वस्तूंसाठी माझ्याकडून पाऊण दुपार मागतात. नवरीची आई सकाळपासून बट्ट्यांच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेली असते. तिचा एक फोटो घेऊ का म्हटलं, तर लगेच कुणीतरी ओरडतं, "ताई, तिथं काय करताय, इकडे या!" ती बाई पदराने चेहरा पुसून उभी राहीपर्यंत मला हाताला धरून नेलेलं असतं. हे मी दर वैशाखात बघते, आणि दर वैशाखात दात-ओठ खाते.

तर तीन वर्षांपूर्वीचा वैशाख.

त्याची सुरुवात खरं तर हिवाळ्यात झाली. मी दुकानात नव्या घड्याळांचे फोटो काढत होते. एरंडोलचे सुपडू नाना लेकीला घेऊन आले. नानांची एरंडोलात पिठाची गिरणी आहे. दादर ज्वारी, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद, गहू, सगळं दळतात. माणूस दुकानात आला तरी गिरणीचा वास त्याच्याबरोबर आला होता, आणि भुवयांवर पांढरी पूड होती. लेक हर्षदा. बी.एस्सी. झालेली, धुळ्याच्या मयूरशी जमलेली. मयूरच्या काकांनी, विलासकाकांनी, घड्याळाचा फोटो नानांच्या मोबाइलवर पाठवला होता. साखरपुड्यात नवरदेवाला हेच हवं, असा निरोप. मोठी काळी तबकडी, तिच्यात आणखी तीन इवल्या तबकड्या.

मालकांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. नानांनी आधी दोन्ही हात धोतराला पुसले, मग परत पुसले, आणि तरीही हात न लावता माझ्याकडे वळले. मी भिंग घेऊन बसलेली, म्हणून मला जाणकार समजले असावेत. "ताई, हाई चांगलं शे ना? जवाईना हातमा शोभीन ना?" मी ते घड्याळ दिव्याखाली धरलं, तीन इवल्या तबकड्यांमधल्या तीन इवल्या काट्यांच्या सावल्या त्यांना भिंगातून दाखवल्या. नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. मग हर्षदाला म्हणाले, "देख वं माय, येमा तर बठ्ठं गाव शे." सगळं गाव, एवढ्याशा काचेखाली. तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावर त्यांचं स्वतःचं घड्याळ होतं. जुनं, चावीचं. काचेच्या कडेला, धातूच्या कड्याच्या खोबणीत, पीठ जाऊन बसलेलं. वर्षानुवर्षांचं, घट्ट. माझा हात फुंकणीकडे गेला, कारण धूळ दिसली की ती उडवणं हा माझा धंदा. नाना हसले आणि म्हणाले, "ते नही निंघाव."

साखरपुडा झाला, घड्याळ मयूरच्या हाती गेलं. लग्नाचे फोटो काढायचं काम योगायोगाने माझ्याकडेच आलं, वरपक्षाकडून.

धुळ्याचं कार्यालय हायवेच्या कडेला होतं. हळदीच्या दुपारी मी पोचले तेव्हा वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलं जात होतं, पाठीमागे मोठ्या कढईत वांगी घोटली जात होती आणि त्या वाफेने सगळं आवार भरलं होतं. एरंडोलची मंडळी टेम्पोतून नुकतीच उतरली होती. नाना भांडी मोजून घेत होते. मला बघून त्यांनी हात हलवला.

मला वरपक्षाच्या खोलीत घड्याळ, मोजडी, अत्तर मांडून दिलं. वरपक्षाची हौस अशी, की कॅमेऱ्यातून फोटो लगेच मयूरच्या चुलतभावाच्या मोबाइलवर जावेत आणि तिथून दोन्ही घरांच्या मिळून केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लग्न लागायच्या आधी घड्याळ गावभर झालं पाहिजे ना! मी धोतराचा तुकडा बांधला, काळा पुठ्ठा लावला, आडवा दिवा लावला आणि भिंगाला डोळा लावून बटण दाबलं. पहिला फोटो निघून गेल्यावर मला दिसलं की सावल्या नाहीत. मोठ्या काट्यांच्या होत्या. इवल्या तबकड्यांत काटे होते, पण ते शाईने छापलेले होते. तबकडीला चिकटलेल्या काट्याची सावली कुठून पडणार? हे दुकानात बघितलेलं घड्याळ नव्हतं. तसंच दिसणारं, रस्त्यावर मिळणारं नकली होतं.

यात माझी चूक शोधू पाहणाऱ्यांना आधीच सांगते, नव्हती. मला मांडून दिलेल्या वस्तूचा मी फोटो काढला. मयूरला बाजूला घेऊन विचारावं म्हणून मी उठले, तर तो न्हाणीघरात. आणि तेवढ्यात मांडवातून विलासकाकांचा आवाज आला.

विलासकाका कधीकाळी दुबईला जाऊन आलेत आणि ते तिथून अजून परत आलेले नाहीत, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. त्यांनी ग्रुपवरचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला होता. "हे काटे आहेत? चितारलेत हे, चितारलेत! फोटोत स्वच्छ दिसतंय. आमच्या पोराच्या हातात नकली माल बांधला!" बघता बघता पाचपन्नास माणसं जमली आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. प्रत्येक जण दोन बोटांनी माझा फोटो ताणतोय. माझा फोटो! ज्या सावलीसाठी मी श्वास धरते, तिचा हा उपयोग. चांगला उजेड कशासाठी, तर मुलीच्या बापाला चोर ठरवायला.

नानांना बोलावणं गेलं. ते हातात पातेलं घेऊनच आले. त्यांना काय झालंय ते कळायलाच वेळ लागला. कळल्यावर म्हणाले, "भाऊ, मी पोरसंगे दुकानमा जाईसन लिधं. मी जवाईले कसाले खोटं दिसू?"

मी पुढे झाले. म्हटलं, "काका, ते घड्याळ मी स्वतः पाहिलंय दुकानात. ते खरं होतं. हे ते नाहीच."

"तुम्ही दुकानाच्याच ना?" विलासकाका म्हणाले. "मग तुम्ही तसंच म्हणणार. तुम्ही फोटो काढा, ताई."

फोटो काढा. मला तेव्हा कॅमेरा त्यांच्या फेट्यावर आदळावासा वाटला होता, आणि आदळला नाही याचा मला आजही पस्तावा आहे.

समोरच्या खोलीत हर्षदा हळद लावलेल्या अंगाने पाटावर बसली होती. दार उघडं होतं, तिला शब्द न् शब्द ऐकू जात होता. ती उठायला गेली तशी तिच्या आत्याने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि दार लोटून घेतलं. वरपक्षाच्या खोलीत, माझ्या दिव्यांच्या पलीकडे, मयूरची आई साड्यांच्या घड्या घालत होती. मी आत गेले. म्हटलं, "मावशी, बाहेर काय चाललंय ऐकताय ना? काहीतरी घोटाळा आहे." त्या म्हणाल्या, "पुरुषांचं चाललंय, आपण कशाला पडा." आणि घडी घातलेली मोरपंखी साडी उलगडून पुन्हा घडी घालायला लागल्या. मग पुन्हा उलगडली. मी बघत होते. त्यांचे डोळे साडीवर होते आणि कान दारावर. मला तेव्हा अर्थ लागला नाही.

बाहेर कुणी म्हणत होतं, वरात काढायचीच नाही. कुणी म्हणत होतं, दुसरं घड्याळ मागवा. नाना मधोमध उभे. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, सदऱ्याची बाही वर केली, आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडायला लागले. पट्टा जुना, बक्कल घट्ट. सुटेना. शेवटी सुटलं. ते दोन्ही तळव्यांवर धरून नानांनी विलासकाकांपुढे केलं. "मी खोटं दिधं आसं तुमले वाटस ना? मंग हाई ल्या, भाऊ. जुनं शे, पन हाई खरं शे. मनी पोरनं लगीन मोडू नका."

विलासकाकांनी ते हातात घेतलं नाही. पण बघितलं. खाली वाकून, कडेचं पीठ बघितलं, आणि नाक मुरडलं. एवढंही करायची लाज वाटली नाही त्या माणसाला.

मग मयूर आला. ओले केस, खांद्यावर टॉवेल. काय चाललंय विचारलं, आणि किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगावं तितक्या सहज सांगून टाकलं. "अहो काका, खरं घड्याळ घरी कपाटात आहे. हे आईनेच आणलंय शंभर-दोनशेचं. हळदीने पट्टा पिवळा होईल, वरातीत कुणी ओढून नेईल, म्हणून ते खरं ठेवून दिलंय."

आणि मांडव हसला.

मला पुढचं सगळं विसरता येईल, ते हसणं विसरता येत नाही. विलासकाका सगळ्यांत मोठ्याने हसले. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! काय नाना, गंमत झाली की नाही?" असं म्हणून त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली आणि कुणीतरी बुंदीचा लाडू आणून नानांच्या तोंडात कोंबला. मयूरची आई दारात येऊन पदर सावरत म्हणाल्या, "मोलाची वस्तू, म्हटलं जपावी." सगळ्यांनी मान डोलावली. काय हे जपणं! ही बाई दाराआड सगळं ऐकत होती. तिला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. पण नवी व्याही मंडळी आपल्याला चिकट म्हणतील, एवढ्या भीतीपायी तिने एका माणसाला पन्नास जणांत चोर होऊ दिलं, आणि साडी घडी करत बसली. घड्याळ नकली आहे हे मयूरलाही ठाऊक होतं, आणि मांडवातला आरडाओरडा न्हाणीघरात जात असणारच. त्याने न्हाणं उरकून घेतलं. आणि माफी? ती मागायची असते, हे त्या मांडवात कुणाला सुचलंदेखील नाही. गंमत झाली ना, मग संपलं.

मी नानांजवळ गेले. ते पाठमोरे होऊन घड्याळ परत बांधत होते आणि लाडूचा घास तसाच गालात होता. मी म्हटलं, "नाना, तुम्ही काहीतरी बोला तरी यांना." त्यांनी मान हलवली. "जाऊ द्या, ताई. पोरनं लगीन शे."

आपल्याकडे वस्तू जपण्याची एक तऱ्हा आहे. सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढत नाहीत, उन्हाळ्यात मांड्या चिकटतात तरी. टीव्हीचा रिमोट पिशवीत. चांगल्या कपबश्या काचेआड, आणि पाहुण्याला चहा कान तुटलेल्या कपात. नवी चादर पेटीत राहून घडीवर फाटते. यावर मी आधी हसायचे, माझ्याही घरी हेच आहे. त्या दिवसानंतर हसू येत नाही. वस्तूला ओरखडा पडू नये म्हणून माणसाला ओरबाडणारं हे जपणं आहे, आणि त्याचं आम्हांला कौतुक वाटतं.

लग्न लागलं. वरण-बट्टीच्या पंगती उठल्या. अल्बम करायला बसले तेव्हा पावसाळा लागला होता. हजारभर फोटो चाळताना माझ्या हळूहळू लक्षात आलं. हळदीच्या दुपारपर्यंतच्या फोटोंत नाना दोन्ही हातांनी सगळीकडे आहेत. टेम्पोतून भांडी उतरवताना, कुणाला तरी हात हलवताना. त्या तासानंतर एकाही फोटोत त्यांचा डावा हात दिसत नाही. पाठीमागे आहे, किंवा उपरण्याखाली, किंवा बाही बोटांपर्यंत ओढलेली आहे. कन्यादानाला दोन्ही हात लागतात. त्या फोटोत हात आहे, पण मनगटावर घड्याळ नाही. खिशात ठेवलं असणार. मी तो फोटो पडद्यावर ताणून मोठा केला. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ दिसत होता.

वरपक्षाने अल्बमच्या पहिल्या पानावर घड्याळच हवं म्हणून सांगितलं. नकली असलं तरी चालेल, म्हणाले, फोटोत कुणाला कळतंय. मी ते पान त्यांना दिलं. पण तेव्हापासून लग्नाचं काम घेताना माझी एक अट असते. नवरदेवाच्या घड्याळाच्या आधी मी मुलीच्या आईबापाच्या हातांचा फोटो काढते, त्याच दिव्यात, तितकाच वेळ देऊन. पटत नसेल तर दुसरा फोटोग्राफर बघा. काही जण बघतातही. लोक मला विक्षिप्त म्हणतात, ते मला ऐकू येतं आणि आवडतं.

यंदाही मोहोर गळला. आखाजी तोंडावर आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि उन्हं कलली की गाणी सुरू होतात. एका दुपारी फोन वाजला. "ताई, मी हर्षदा, एरंडोलची. घड्याळाचा फोटो काढायचाय. जवळून. चांगल्या उजेडात."

"कुठलं घड्याळ?"

"तेच."

माझी मस्तकाची शीर तडतडली. विकायला काढलं असणार! आजकाल असे खूप येतात. न वापरलेली वस्तू, चांगला फोटो काढून द्या, ऑनलाइन टाकायचीय. मी म्हटलं, ये, आणि मनात दहा वाक्यं तयार करून ठेवली.

ती आली ती नानांना घेऊन. नाना थकले आहेत, गिरणी आता बहुतेक हर्षदाचा भाऊ बघतो, पण भुवयांवर पूड होतीच. त्यांनी मला नमस्कार केला तो उजव्या हाताने, आणि डावा हात पाठीमागेच राहिला. हर्षदाने पर्समधून डबी काढली. तीच काळी तबकडी. काचेवरचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं. बकलवरचंसुद्धा. घड्याळ बंद होतं. कपाटात चालून चालून त्याचा सेल संपला होता. ज्या घड्याळापायी लग्न मोडायला निघालं होतं, ते तीन वर्षांत एकदाही कुणाच्या मनगटावर चढलं नव्हतं.

"मिळालं कसं?" मी विचारलं.

"किल्ली मागितली. सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. मी म्हटलं, कपाट तुमचं आहे, घड्याळ माझ्या बापाने आणलंय. मग दिली." ती जराशी हसली. "मयूर म्हणाला, घे ना, मला मोबाइलवर वेळ कळते."

"विकणार आहेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी दहाही वाक्यं विरून गेली. "ताई, त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांना हळद होती. आत्याने दार लावलं, मला उघडता आलं नाही. आज हात मोकळे आहेत."

कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल बसवून आणला. हर्षदाने काचेवरचं प्लास्टिक नखाने उचललं आणि एका झटक्यात ओढून काढलं. त्याचा चर्र आवाज मला फार गोड लागला. मग ती घड्याळ घेऊन नानांकडे वळली, तसे ते मागे सरले. "हाई जवाईनं घड्याय शे, माय. मी कसाले घालू?"

"तुम्ही नका घालू. मी घालसू." तिने ते स्वतःच्या मनगटावर चढवलं. तिला ते ढगळ झालं, पट्ट्याला जादा भोक पाडून द्यावं लागलं. "रोज घालसू. दळतानाबी, भांडा घासतानाबी. तुम्ही फक्त हात आठे ठेवा. तुमना घड्यायना हात."

नानांनी हात पुढे करायला वेळ लावला. तोवर मी काळा कुडता चढवला, पंखा बंद केला, पुठ्ठा लावला. धोतराचा तुकडा खुंटीवरच राहू दिला. आज मऊ उजेडाचं काम नव्हतं. आडवा दिवा लावला. दोन मनगटं काळ्या कापडावर शेजारी शेजारी आली. एक तरुण, एक सुरकुतलेलं. नव्या घड्याळात तीन इवल्या काट्यांच्या तीन सावल्या. जुन्याच्या कडेला पीठ, आणि आडव्या उजेडात त्या पिठाचा कण न् कण दिसत होता. फुंकणी हाताशी होती, मी ती उचलून खाली ठेवली. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर नेऊ का, असं सवयीने तोंडातून निघालं, तर हर्षदा म्हणाली, "आत्ता जी वेळ आहे तीच राहू द्या." नानांचं घड्याळ नेहमीसारखं जरा पुढे होतं. तेही तसंच राहू दिलं.

फोटो तिच्या मोबाइलवर पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला, दोन बोटांनी, कडेपर्यंत. मग तिथेच उभी राहून तो दोन्ही घरांच्या त्या जुन्या ग्रुपवर टाकला आणि खाली काहीतरी लिहिलं.

"काय लिखं वं?" नानांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "विलासकाका, हे नवं खरं आहे आणि ते जुनंही खरं होतं. झूम करून पाहा."

"काब्र वं आसं लिखं? त्यासले वाईट वाटीन."

"वाटू द्या, नाना."

खोलीत उकडत होतं. मी पंखा लावायला उठले. हर्षदाने आपला हात काढून घेतला होता, दिवा अजून चालू होता, आणि नानांचा डावा हात त्या उजेडात तसाच होता. बाही त्यांनी स्वतःच आणखी वर सरकवली.